ओढ्यात ओतलेली हळद

मी वाहत्या ओढ्यात पिशवीभर हळद ओतली, तेव्हा खालच्या अंगाला बायका सोडा घालून कपडे धूत होत्या. त्या तिथं आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. पुढं काय होणार ते मात्र डोक्यात आलं नाही.

हळदीत चुना पडला की तिचं कुंकू होतं, हे आमच्या जिल्ह्यात लहान लेकरालाही ठाऊक असतं. सोड्याचंही तेच. हिंगोलीसारख्या हळदीच्या मुलखात जन्माला येऊन, विज्ञानाची पदवी घेऊन, वर डॉक्टर म्हणवून घेऊन मी हे विसरलो. विसरायला मुहूर्तही असा निवडला की माझ्या विद्यार्थिनीची कित्येक वर्षांची मेहनत त्या ओढ्याच्या काठावर उभी होती.

आमच्या विषयाला मराठीत द्रायुगतिकी म्हणतात. हा शब्द मी फळ्यावर लिहिला की पुढच्या बाकावरची मुलं वहीत ‘वायुगतिकी’ उतरवून घेतात आणि मागच्या बाकावरची काहीच घेत नाहीत. मग मी म्हणतो, फ्लुइड डायनॅमिक्स. तेव्हा सगळे माना डोलावतात. पाणी, हवा, तेल, दूध, जे जे वाहतं ते कसं वाहतं, याचा हा अभ्यास. ऐकायला सोपा वाटतो. मलाही वाटला होता, म्हणून तर मी त्यात पडलो.

गावाकडं याचा अर्थ निराळा निघाला. पोरगं पाण्यात पीएच.डी. करून आलं म्हटल्यावर भावकीनं मला पाणाड्या करून टाकलं. बोअर कुठं घ्यायचा, एवढं सांगा. मी समजावून सांगायचो की माझं पाणी वाहतं असतं, जमिनीखालच्या पाण्याशी माझी ओळख नाही. एका पाहुण्यानं मात्र पिच्छाच सोडला नाही, तेव्हा सुटका करून घ्यायला मी एका लिंबाच्या झाडाकडं बोट दाखवलं. तिथं पाणी लागलं. नसतं लागलं तर बरं झालं असतं. त्यानंतर सुट्टीत गावाकडं जायचं म्हणजे मला अंधार पडल्यावर शिरावं लागायचं.

खरी गोष्ट अशी, की माझं पाणी कधी ओलं नव्हतंच. माझं सगळं संशोधन संगणकावर झालं. पडद्यावर निळ्या-तांबड्या रेघा वाहायच्या, त्यांच्याखाली मी समीकरणं मांडायचो, आणि बुटाला चिखल न लागता डॉक्टर झालो. प्रत्यक्ष प्रयोगाशी माझं सूत कधी जमलं नाही. वर्गात एकदा मी कागदाचे दोन तुकडे जवळजवळ धरून मधून फुंकर मारली. फुंकर मारली की कागद लांब न जाता जवळ येतात, हे दाखवायचं होतं. डोक्यावर पंखा चालू होता. दोन्ही कागद खिडकीतून बाहेर गेले. मागून एकजण शांतपणे म्हणाला, ‘सर, जवळ आले असतील, पण मैदानात.’

तर अशा माणसाकडं ती संशोधनाला आली. बी.एस्सी.ला माझीच विद्यार्थिनी. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढं एका लहान गावात आत्याकडं राहणारी. आईवडील लवकर गेलेले, आत्यानंच वाढवलेली. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी आली तर देवाचं नाव. पीएच.डी. झाली तर कायम नोकरीसाठी अर्ज करता येणार होता. नाही झाली तर वय निघून चाललं होतं.

तिचा विषय होता मिसळणं. दोन पाणी एकत्र आली म्हणजे लगेच एक होतात असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ओढ्याला नाला येऊन मिळाला तरी बराच पल्ला दोघं शेजारी शेजारी वाहत जातात, एका घरात राहणाऱ्या पण न बोलणाऱ्या भावांसारखे. मधे एक सीमा असते. ती सीमा हळूहळू विरत जाते. किती लांब गेल्यावर विरते, दगड आडवा आला तर काय होतं, वाटेत बेशरमीची झुडपं असली तर काय होतं, हे तिनं संगणकावर सोडवलेलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं सोडवलेलं होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

अडचण आली ती संशोधन समितीत. नोंदणीची मुदत संपत आली होती आणि मुदतवाढ हवी होती. समितीत बाहेरून आलेले एक ज्येष्ठ तज्ज्ञ होते. केस पांढरे, शर्ट पांढरा, पँट पांढरी, बोलणं मोजकं. त्यांनी तिचे आलेख पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, ‘हे सगळं पडद्यावर झालं. खऱ्या पाण्याला कुणी विचारलंय का?’ मग म्हणाले, एक ओढा दाखवा, त्यात असं घडतं हे डोळ्यांनी दाखवा, मी वाढीची शिफारस करतो. नाहीतर नोंदणी रद्द. सगळं पहिल्यापासून.

बाहेर आल्यावर तिनं आलेख पिशवीत घातले. मीच म्हणालो, काळजी करू नकोस, ओढा तर तुझ्या गावातच आहे.

पाण्याची वाट दिसायची तर त्यात रंग सोडावा लागतो. ती म्हणाली, सर, प्रयोगशाळेत पोटॅश आहे, विहिरीत टाकतात तेच, ते वापरू. मी साफ नकार दिला. माझं म्हणणं होतं की पोटॅशनं पाणी लालसर होतं, खाली गुरं पाणी पितात, माणसं असतात, लाल पाणी बघून गाव घाबरेल. आपण हळद वापरू. पिवळी, निर्मळ, घरची. कुणाला काही होणार नाही. लाल पाण्याचा विषयच नको. मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

हळद आत्यानंच दिली. घरच्या शेतातली, घरी शिजवून वाळवून दळलेली. सरांना हळद पाहिजे म्हटल्यावर त्यांनी ती आमच्या घरच्या स्वयंपाकासाठी समजून पिशवी भरून दिली, वर बाईंना सांगा भाजीत जरा कमी टाका, लई तेज हाय, असा निरोपही दिला. मी काही खुलासा केला नाही.

तिनं मात्र सगळं आखलं होतं. बायका धुणं घेऊन ओढ्यावर येण्याच्या आधी, सकाळी लवकर प्रयोग उरकायचा. घरोघरी सांगूनही ठेवलं होतं की त्या दिवशी उशिरा या. राहिलं फक्त मी तज्ज्ञ सरांना हिंगोलीहून वेळेवर आणायचं. मी त्यांना आणलं, पण वाट वाकडी करून औंढ्यामार्गे. एवढ्या लांबून आलेला मोठा माणूस, नागनाथाचं दर्शन न घडवता कसा न्यायचा? दर्शनानंतर नाश्ता न घालता कसा न्यायचा? नाश्त्याला बसलो तेव्हा तिचा फोन आला. सर, बायका थांबायला तयार नाहीत, आजच सगळ्यांनी धुणं काढलंय. मी म्हणालो, धुवू दे की, त्या खाली धुतील, आपण वर ओतू, आपल्याला काय.

पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाऊसकाळ नुकताच सरलेला, ओढ्याचं पाणी नितळ, तळाचे गोटे दिसत होते. वरून नाला येऊन मिळत होता, त्याच्या खाली वळण, आणि वळणापलीकडं धुण्याचे दगड. आपटण्याचा आवाज येत होता. तिनं काठावर खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या, टेप ठेवला होता, पाण्यात कालवायला बादली ठेवली होती.

बादली मी पाहिली नाही. मी पिशवी उघडली आणि कोरडीच हळद पाण्यावर धरली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. हळद पाण्यात गेली नाही. माझ्या पलीकडं तज्ज्ञ सर उभे होते, ती त्यांच्यावर गेली.

पांढरे केस, पांढरा शर्ट, पांढरी पँट, सगळं पिवळं. म्हशी घेऊन पाण्यावर आलेला एक गडी थांबला, त्यानं आमच्याकडं नीट पाहिलं आणि मला विचारलं, ‘नवरदेव हेच का? मंग वऱ्हाड कुठं हाय?’ तज्ज्ञ सरांनी रुमालानं चष्मा पुसला. तिच्या तोंडचा रंग मात्र पार उडाला होता, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की इथं हसं माझं होतंय, पण जायचं तिचं आहे.

उरलेली हळद तिनं माझ्या हातातून काढून घेतली, बादलीत कालवली आणि म्हणाली, आता ओता, हळू. मी ओतली. हळू नाही, पण ओतली.

आणि खरं सांगतो, जे दिसलं ते मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ओढ्याच्या कडेनं एक पिवळा पट्टा निघाला. नाल्याचं पाणी त्याच्या शेजारून वाहत होतं आणि दोघांत खरोखरच सीमा होती, कुणी धारदार विळीनं कापल्यासारखी. गोट्यांच्या मागं पिवळे भोवरे उठत होते, एक डावीकडं, एक उजवीकडं, पुन्हा डावीकडं. वीस वर्षं मी हे फळ्यावर काढत आलो. ते असं डोळ्यांसमोर वळत, सुटत, खाली जात असताना बघत मी रिकामी बादली हातात धरून उभा राहिलो. तज्ज्ञ सरांनी मोबाइल काढला. पिवळ्या बोटांनी ते चित्रण करायला लागले. ती त्यांना समजावून सांगत होती आणि तिचा आवाज आता थरथरत नव्हता. मी मनात म्हटलं, सुटलो.

पट्टा वळणाआड गेला. धुण्याचा आवाज एकदम थांबला.

मग ओरडा झाला. कुणाला लागलं का वर, कुणी तरी विचारत होतं. दुसरी म्हणत होती, जनावर कापलं की काय. आम्ही धावत वळणावर गेलो. धुण्याच्या दगडांपाशी पाणी लालभडक झालं होतं. बायका लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्याबाहेर उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं आत्या, हातात पांढरं पातळ, रविवारी विहारात कार्यक्रम होता त्यासाठी काढलेलं. त्याच्या अर्ध्या अंगावर लाल डाग पसरत चालला होता.

सोडा. साबण. हळद. कुंकू. मला सगळं एका क्षणात आठवलं, जेव्हा आठवून काही उपयोग नव्हता.

आत्यांनी आधी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. माझे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘आमी हळद भाजीला देली होती. तुमी वढ्याला काहून फोडणी देली?’

मी काहीतरी पुटपुटलो. बहुधा ‘संशोधन’ असा शब्द त्यात होता. ती आत्याजवळ जाऊन घाईघाईनं सांगत होती, रक्त नाही, हळद आहे, घरचीच आहे, काही होत नाही. बायका आता घाबरलेल्या नव्हत्या. त्या रागावल्या होत्या. मला त्यांची भीती कमी वाटत होती. मी मागं उभ्या असलेल्या तज्ज्ञ सरांची वाट बघत होतो. ते काय म्हणणार हे मी जाणून होतो. ते म्हणणार, पुरे झालं, चला. तिची वर्षं अशी माझ्या बादलीतून वाहून गेलेली मला दिसत होती.

ते पुढं झाले. बुटांसकट पाण्यात उतरले. घोट्याएवढ्या पाण्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिला बोलावलं, मला नाही.

‘सगळं पाणी लाल नाहीये,’ ते म्हणाले. ‘नीट बघ.’

आम्ही नीट पाहिलं. या बाजूनं वरून येणारं पिवळं पाणी तसंच पिवळं होतं. पलीकडं दगडांवरून उतरणारं साबणाचं पाणी पांढुरकं होतं. लाल होती ती फक्त मधली पट्टी, जिथं हे पाणी त्या पाण्यात खरोखर मिसळत होतं. वरच्या अंगाला ती बोटभर होती आणि खाली जाताना रुंद होत चालली होती. पिवळा रंग पाणी कुठं गेलं ते सांगत होता. लाल रंग पाणी कुठं मिसळलं ते सांगत होता. तिच्या सगळ्या प्रबंधाचा प्रश्नच तो होता.

‘मोज,’ ते म्हणाले. ‘विरायच्या आत.’

ती टेप घेऊन पाण्यात उतरली. दुसरं टोक धरायला कुणी तरी हवं होतं. मी पुढं झालो तर ती म्हणाली, सर, तुम्ही काठावरच थांबा. टोक आत्यांनी धरलं. मग बाकीच्या बायकाही आल्या, जिथं थांब म्हटलं तिथं थांबल्या. मधेच एकीनं विचारलं, आणखी सोडा टाकू का, रंग फिका पडून राहिला. तज्ज्ञ सर म्हणाले, टाका. घरून आणखी हळद आली, बादली पुन्हा भरली, यावेळी ओतायला मला कुणी बोलावलं नाही. मी काठावर म्हशीवाल्याशेजारी बसलो. त्यानं मला तंबाखू दिली. मी खात नाही, पण घेतली.

दुपारपर्यंत त्यांनी मोजमापं घेतली. मी पूर्ण वेळ आत्यांच्या पातळाकडं बघत होतो. साध्या पाण्यात खंगाळल्यावर लाल डाग पिवळा झाला होता, आणि बाभळीच्या कुंपणावर उन्हात वाळत घातल्यावर तो पिवळाही फिकट होत होता. हळद ऊन सोसत नाही. कुठल्याही प्रवाहाकडं मी कधी इतकं टक लावून पाहिलं नसेल. आम्ही निघालो तेव्हा डाग जवळून पाहिला तरच दिसत होता. रविवारी मी फोन करून आडून आडून विचारलं, कार्यक्रम कसा झाला. ती म्हणाली, पातळ पांढरं आहे, सर. मी फोन ठेवून पंख्याखाली आडवा झालो.

परतताना जीपमध्ये तज्ज्ञ सरांनी मला विचारलं होतं, ही सोड्याची कल्पना कुणाची. मी जरा बाहेर बघितलं आणि म्हणालो, तसं डोक्यात होतं थोडंफार. ते म्हणाले, मग लाल पाणी बघून तुम्ही पांढरे का पडलात? सेनगाव येईपर्यंत मी पुन्हा बाहेरच बघत होतो.

शिफारस झाली. ज्या दिवशी समिती बसली त्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो आणि दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिनं फक्त मान हलवली. मी भिंतीला टेकलो. शिपायानं मला पाणी आणून दिलं. तज्ज्ञ सरांनी अट मात्र घातली होती की ओढ्यावर जे झालं तो तमाशा होता, आता हेच प्रयोगशाळेत, काचेच्या टाकीत, मोजूनमापून करा. मग तिनं ते केलं. हळद किती, सोडा किती, पाणी किती वेगानं, सगळं ठरवून. आमच्या प्रयोगशाळेची मोरी अजून पिवळी आहे. संगणकातला तिचा आलेख आणि टाकीतली लाल पट्टी एकमेकांवर ठेवून पाहिली तेव्हा दोन्ही जवळजवळ जुळली. जिथं जुळली नाहीत तिथं चूक संगणकातल्या एका सूत्रात निघाली. ते सूत्र मी सुचवलेलं होतं. तिनं ते बदललं आणि प्रबंधात माझे आभार मानले. आभार कशासाठी ते लिहिलं नाही.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणालाही येऊन बसता येतं. गोरेगावकडून एक जीप भरून ओढ्यावरच्या बायका आल्या. आत्या पहिल्या रांगेत बसल्या. मला अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मार्गदर्शकानं मधे बोलायचं नाही. ही अट माझ्यासाठी खास घातलीय की सगळ्यांना असते, ते मी विचारलं नाही.

परीक्षक दुसरे होते, तरुण होते आणि कडक होते. त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला. लाल रंग यायला स्वतःलाच वेळ लागत असेल, तर तुम्ही मोजलंत ते मिसळणं की नुसता रंगाचा उशीर? मला उत्तर येत नव्हतं. माझ्या पाठीवरून घामाची धार निघाली आणि ती कुठल्या समीकरणानं वाहते हेही मला सांगता आलं नसतं. ती म्हणाली, हा संशय आम्हालाही आला होता, म्हणून आधी एका पेल्यात जोरात ढवळून किती वेळात लाल होतं ते पाहिलं. ढवळता ढवळताच होतं. ओढ्यातलं मिसळणं त्याच्या तुलनेत फार सावकाश आहे, त्यामुळं उशीर असला तरी मोजण्याइतका नाही. परीक्षकांनी तिच्याकडं पाहिलं, मग कागद मिटला. तो कागद मिटताना झालेला बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. इतकं सुख मला माझ्या स्वतःच्या पीएच.डी.लाही झालं नव्हतं.

निकाल जाहीर झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबेनात. कुणी तिला हार घातला, कुणी पेढा भरवला. ती आत्याच्या पायाशी वाकली तर आत्यांनी तिला उचलून उराशी धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मी बाजूला पेढ्याचा पुडा धरून उभा होतो. आपला वाटा थोडा तरी आहे असं माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं. आत्यांनी डोळे पुसले, माझ्याजवळ आल्या, पुड्यातला एक पेढा उचलला आणि अगदी मनापासून म्हणाल्या,

‘सर, तुमच्या हाताखाली राहूनबी पोरगी पास झाली. म्हंजी लईच हुशार हाय.’